जुनी दुर्मीळ एक्झिक्युटिव्ह गाडी: पुण्यात घेण्याचा आणि सांभाळण्याचा योग्य क्रम

होंडा ॲकॉर्ड व्ही-सिक्स, निसान टिआना, फोक्सवॅगन पसाट, टोयोटा कॅमरी हायब्रिड, व्होल्वो एस-८०, स्कोडा सुपर्ब ३.६ अशा गाड्या आज पुण्यात नव्या छोट्या हॅचबॅकच्या किमतीत, कधी त्याहूनही कमी पैशांत मिळतात, आणि त्या घेणारे बहुतेक जण एकाच पद्धतीने अडचणीत येतात. आधी गाडी मनात भरते, मग इसार दिला जातो, त्यानंतर मेकॅनिकचा शोध सुरू होतो आणि सुट्या भागांची चौकशी पहिल्या बिघाडानंतर होते. हा क्रम नेमका उलटा हवा: आधी सुटे भाग, मग कारागीर, मग कागद आणि सर्वांत शेवटी गाडी. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि सहावा टप्पा पूर्ण होईपर्यंत कोणालाही इसार देऊ नये.

दुर्मीळ म्हणजे महाग असे येथे अभिप्रेत नाही. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी यांची कामे करणारी स्वतंत्र गॅरेजे पुण्यात भरपूर आहेत. अडचण येते ती भारतात कमी संख्येने विकल्या गेलेल्या, पुढे बंद झालेल्या आणि ज्यांचे भाग शोरूमच्या फळीवर नसतात अशा मॉडेलांची.

टप्पा १: पाच भागांचे दर आणि मुदत लेखी मागवणे

मॉडेल ठरवण्याआधी पाच वस्तूंचे दर आणि त्या हातात पडायला लागणारे दिवस लेखी मागवावेत: पुढची काच, डावा हेडलॅम्प, पुढचा बंपर, एसीचा कॉम्प्रेसर आणि गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारे युनिट. फिल्टर, ब्रेक पॅड, बेअरिंग, वॉटर पंप या यादीत मुद्दाम घेतलेले नाहीत, कारण त्यांना बहुधा कोणत्या ना कोणत्या कंपनीचा पर्याय निघतो. काच, हेडलॅम्प आणि बंपर मात्र त्याच मॉडेलचे, कधी कधी त्याच वर्षाचे लागतात, आणि पुण्याच्या वाहतुकीत डावीकडून घुसणाऱ्या दुचाकींमुळे सर्वाधिक इजा होते ती नेमकी याच भागांना. इंजिन ठणठणीत असूनही हेडलॅम्पसाठी महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या प्रत्येक मोठ्या गॅरेजात दिसतात.

चौकशी चार ठिकाणी करावी. कंपनीच्या सेवा केंद्रातील पार्ट्स काउंटरवर चासी क्रमांक दिला की अचूक पार्ट क्रमांक आणि दर मिळतो; भाग तेथून घ्यायचा नसला तरी तो क्रमांक पुढच्या सगळ्या चौकशीचा पाया असतो. दुसरे ठिकाण नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने, तिसरे मुंबईत ऑपेरा हाउस परिसरातील आयात भागांचे व्यापारी, आणि चौथे परदेशातून मागवणे. या शेवटच्या मार्गात सीमाशुल्क आणि वाहतूक धरूनच हिशेब करावा आणि चुकीचा भाग परत पाठवणे जवळजवळ अशक्य आहे असे समजूनच मागणी नोंदवावी.

एकाच समूहाच्या गाड्यांत भाग सामाईक असणे हा फार मोठा आधार आहे. पसाट रस्त्यावर कमी दिसते, तरी तिचे सस्पेन्शन, ब्रेक आणि इंजिन यांतील अनेक भाग स्कोडा लॉरा, सुपर्ब आणि फोक्सवॅगन जेटा यांच्याशी जुळतात, त्यामुळे ती टिआनापेक्षा पुष्कळ सोपी पडते. कॅमरी हायब्रिडला टोयोटाच्या सेवा जाळ्याचा आधार आहे. टिआना आरामाच्या बाबतीत या सर्वांत सरस आहे असे माझे मत आहे, पण या पाच भागांच्या परीक्षेत तीच सर्वांत मागे पडते.

तपासणी: पाचांपैकी दोन वस्तूंना “बघून सांगतो” असे उत्तर मिळाले आणि आठवडाभरात दर आला नाही, तर ते मॉडेल सोडून द्यावे.

टप्पा २: कारागीर ठरवणे

“हो, होऊन जाईल” हे उत्तर नव्हे. मेकॅनिकला तीन प्रश्न विचारावेत. या कंपनीचे सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण युनिट, वाचणारा स्कॅनर त्याच्याकडे आहे का? हाच गिअरबॉक्स त्याने उघडला किंवा त्याचे तेल बदलले आहे का, आणि ते कोणते तेल होते? त्याच्या आवाक्याबाहेरचे काम आले तर तो गाडी कोणाकडे पाठवतो? तिसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणारा मेकॅनिक पहिल्या दोन प्रश्नांत थोडा कमी पडला तरी विश्वासाचा ठरतो.

पुण्याची एक सोय येथे नोंदवायला हवी. भोसरी आणि पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात लेथ, हायड्रॉलिक होज, रेडिएटर दुरुस्ती, बुश दाबून बसवणे अशी कामे करणाऱ्या लहान कार्यशाळा भरपूर आहेत. जिथे मूळ होज किंवा पाइप मिळत नाही, तिथे नमुन्यावरून तो बनवून घेता येतो. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र अशा रीतीने कधीही बनवून घेऊ नयेत.

टप्पा ३: त्या मॉडेलचा कच्चा दुवा ओळखणे

प्रत्येक दुर्मीळ गाडीत एक असा भाग असतो की तो गेला की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. बहुतेक गाड्यांत तो गिअरबॉक्स असतो, आणि सगळे ऑटोमॅटिक सारखेच असतात हा समज सर्वांत महागात पडतो.

दुसऱ्या पिढीच्या सुपर्ब १.८ टीएसआयमधील सात गतींच्या ऑटोमॅटिकमध्ये कोरडे दुहेरी क्लच असतात. सिंहगड रस्त्यावर किंवा विद्यापीठ चौकात गाडी इंचाइंचाने सरकत असताना हे क्लच अर्धवट लागलेल्या अवस्थेत घासत राहतात आणि तापतात. त्याखेरीज त्याचे मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारे युनिट, निकामी होण्याच्या तक्रारी जगभर आहेत. पसाट २.० टीडीआय आणि सुपर्ब ३.६ यांत सहा गतींचा, तेलात बुडालेल्या क्लचचा गिअरबॉक्स येतो. तो अधिक टिकाऊ आहे, पण त्याचे तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावेच लागतात, आणि तेलाची पातळी तेल ३५ ते ४५ अंश सेल्सिअस असतानाच पाहावी लागते. हे तापमान स्कॅनरवर वाचतात. गाडी गरमागरम असताना पातळी “अंदाजे” भरणाऱ्याकडून हे काम करून घेऊ नये.

टिआना २.५ मध्ये सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गतींऐवजी पट्टा आणि पुली यांवर चालणारा ऑटोमॅटिक. त्यात निसानने सांगितलेले सीव्हीटीचेच तेल लागते. साध्या ऑटोमॅटिकचे तेल चुकून पडले तर आतील पट्टा आणि पुली यांची पकड बिघडते. ॲकॉर्ड व्ही-सिक्समधला ऑटोमॅटिक जुन्या पद्धतीचा आणि समजायला सोपा आहे, पण त्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा) आहे, चेन नाही, आणि कमी धावलेली गाडी म्हणून विकणारे बरेच जण तो बेल्ट कधी बदलला हे सांगू शकत नाहीत. बेल्टला किलोमीटरइतकेच वय लागू असते. व्होल्वोच्या पाच सिलिंडरच्या डिझेललाही बेल्टच आहे.

कॅमरी हायब्रिडचा प्रकार निराळा. तिच्या संकरित यंत्रणेत पट्टा नाही आणि क्लचची कटकट नाही, दातेरी चाके आहेत. कच्चा दुवा आहे तो मागच्या बाजूला असलेली निकेल मेटल हायड्राइड बॅटरी. तिला थंड ठेवणारा पंखा केबिनमधलीच हवा ओढतो, आणि मागच्या सीटजवळची हवेची जाळी धुळीने किंवा पाळीव प्राण्यांच्या केसांनी तुंबली की बॅटरी तापून तिचे आयुष्य घटते. पाहणीला गेल्यावर सर्वांत आधी ती जाळी पाहावी.

टप्पा ४: घरबसल्या कागद तपासणे

विक्रेत्याकडून आर.सी.ची दोन्ही बाजूंची प्रत मागवावी. जो ती देण्यास टाळाटाळ करतो त्याच्याकडे गाडी पाहायलाही जाऊ नये. मग परिवहन विभागाच्या पोर्टलवर मालकाचा क्रम, नोंदणीची मुदत, कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी आणि काळ्या यादीची नोंद पाहावी. ई-चलन स्वतंत्रपणे तपासावे, कारण थकलेला दंड हस्तांतराच्या वेळी डोके वर काढतो. आर.सी.वर बँकेचे नाव असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि सही केलेला फॉर्म ३५ दोन्ही हवेत. नुसते “कर्ज फिटले आहे” हे तोंडी सांगणे पुरेसे नाही. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्यास उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, हेही पाहून ठेवावे.

या वर्गातील बऱ्याच गाड्या कंपन्यांच्या नावावर असतात. तेव्हा सही करणाऱ्या व्यक्तीला तसा अधिकार देणारा कंपनीचा ठराव किंवा अधिकारपत्र आणि विक्रीचे बीजक घ्यावे. ती व्यक्ती नोकरी सोडून गेल्यावर हे कागद मिळवणे फार कठीण जाते.

वय हा पुढचा मुद्दा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क ५,००० रुपये आणि आयात म्हणून नोंदलेल्या मोटारीसाठी ४०,००० रुपये झाले. २०२५ च्या दुरुस्तीने २० वर्षांवरील गाड्यांना ते अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० रुपये झाले. पर्यावरण कर त्याशिवाय. म्हणून चौदा वर्षांची गाडी घेताना आर.सी.वर ती आयात म्हणून नोंदली आहे का, हे एकदा नव्हे, दोनदा पाहावे.

सावधान: दिल्ली परिसरातील दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांचा नियम महाराष्ट्रात लागू नाही, पण त्याच नियमामुळे तिथल्या गाड्या स्वस्तात येथे येतात. अशा गाडीला मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्याने भरावा लागतो. तो कर मूळ किंमत आणि वय यांवरून ठरतो, त्यामुळे स्वस्तात घेतलेल्या पण मुळात महाग असलेल्या गाडीवर तो डोळ्यांवर येण्याइतका असू शकतो. आधी कर काढावा, मग भाव करावा.

टप्पा ५: थंड गाडीची पाहणी

विक्रेत्याला गाडी सुरू न करण्यास आदल्या दिवशीच सांगावे आणि गेल्यावर सर्वांत आधी बोनेटवर हात ठेवून पाहावे. गरम लागले तर पाहणी दुसऱ्या दिवशी करावी. थंड इंजिन सुरू होताना चेनचा खडखडाट, सायलेन्सरमधून निळसर धूर, डळमळणारा आयडल हे सगळे पहिल्या काही सेकंदांतच कळते. गरम इंजिन ते लपवते.

मीटरवरचा आकडा पाहण्याआधी सीट पाहाव्यात. पुण्यातल्या या वर्गाच्या गाड्या बहुधा चालक ठेवून चालवलेल्या असतात. मागची डावी सीट दबलेली आणि चालकाची सीट झिजलेली असेल, पण पुढची डावी सीट नव्यासारखी असेल, तर साहेब मागे बसत होते आणि गाडी हॉटेलांच्या व कार्यालयांच्या दारांत एसी चालू ठेवून तासन्‌तास उभी राहत होती असे समजावे. अशा वेळी मीटरवर साठ हजार दिसले तरी इंजिन त्याहून पुष्कळ जास्त चाललेले असते, आणि तेल किलोमीटरवर बदललेले असल्याने उशिरा बदललेले असते. याउलट मालकाने स्वतः महामार्गावर चालवलेली, वेळेवर सर्व्हिस झालेली लाखभर किलोमीटरची गाडी मी केव्हाही पसंत करेन.

पुराची तपासणी पुण्यात टाळता येत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत पाणी शिरले तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि त्यांतल्या काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून चिखलाची रेघ पाहावी. सीटखालच्या रुळांवरचा गंज, गालिचाखालच्या फोमचा ओलसर वास, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, हेडलॅम्पच्या आतली पाण्याची खूण पाहावी. नवाकोरा गालिचा आणि तीव्र सुगंधी फवारा दिसला तर अधिक बारकाईने पाहावे. विमा दाव्यांचा इतिहासही विक्रेत्याकडून लेखी मागावा.

रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर उत्तम. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो आणि दुप्पट आकडा म्हणजे डेंटिंग-पेंटिंग. सर्व काचांवरचे उत्पादन-वर्ष एकमेकांशी जुळते का, हेही पाहावे. टायरवरील शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात.

टप्पा ६: चालवून पाहणे, मग लिफ्ट, मग स्कॅन

सोसायटीभोवती एक फेरी मारून काहीही कळत नाही. किमान तासभराचा मार्ग आखावा: आधी कर्वे रस्ता किंवा पौड फाट्याच्या गर्दीत वीस मिनिटे, मग चांदणी चौकातून बाह्यवळण मार्ग, आणि शेवटी जुना कात्रज घाट. गर्दीत ब्रेक हलकेच सोडून गाडी सरकू द्यावी. कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स थकला असेल तर पहिल्या-दुसऱ्या गतीत थरथर जाणवते. चढावर रिव्हर्समध्येही घ्यावी. घाटात ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून ४० ते ६० च्या वेगात चढावे. सीव्हीटी थकली असेल तर आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही, किंवा सूक्ष्म कंप येतो. वर पोहोचल्यावर इंजिन चालू ठेवून, एसी पूर्ण लावून पंधरा मिनिटे उभे राहावे आणि तापमानाचा काटा व एसीचा गारवा यांवर लक्ष ठेवावे. हे सगळे दुपारी करावे.

सावधान: नवले पुलाच्या उतारावर ब्रेकची परीक्षा घेऊ नये. तो पट्टा अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. ब्रेकची चाचणी मोकळ्या, सपाट रस्त्यावर करावी.

मग गाडी आपल्या मेकॅनिककडे लिफ्टवर घ्यावी, विक्रेत्याच्या मेकॅनिककडे नव्हे. लोअर आर्मचे बुश, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट, इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावरचे तेल, चासीच्या पायांवरचे वेल्डिंग, पाइपांवरचा गंज हे सगळे खालूनच दिसते. बुश आणि लिंक झिजलेले असणारच; पुण्याचे गतिरोधक ते करूनच सोडतात. त्यासाठी गाडी नाकारू नये, त्याचे पैसे भावातून वळते करावेत.

स्कॅन सर्वांत शेवटी, आणि तो फक्त इंजिनाचा नको, सर्व मॉड्यूलांचा हवा. येथे दोन बारकावे बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. पहिला असा की एकही त्रुटी दिसत नसेल तर आनंद मानण्याआधी उत्सर्जन यंत्रणेच्या स्वयंचाचण्या पूर्ण झालेल्या दिसतात का ते पाहावे. त्या बऱ्याच अपूर्ण असतील तर कोणीतरी नुकत्याच त्रुटी पुसल्या आहेत किंवा बॅटरी काढली आहे. दुसरा असा की स्कोडा-फोक्सवॅगनच्या अनेक मॉड्यूलांत त्रुटीसोबत त्या वेळचे किलोमीटर साठवलेले असतात; तो आकडा मीटरपेक्षा मोठा निघाला तर मीटर मागे फिरवलेला आहे. कॅमरी हायब्रिडमध्ये बॅटरीच्या गटांचे व्होल्टेज भार असताना पाहावे. एखादा गट इतरांपासून दूर जात असेल तर बॅटरी थकली आहे.

टप्पा ७: व्यवहार, हस्तांतर आणि विमा

पैसे बँकेतून द्यावेत. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या, चासी क्रमांकाचे पेन्सिल ठसे, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली पावती, हे सगळे एकाच बैठकीत पूर्ण करावे. राज्यांतर्गत विक्रीत विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. गाडी एम.एच.-१२ ची आणि घेणारा पिंपरी-चिंचवडचा असेल तर अर्ज कोणत्या कार्यालयात जातो हे आधीच विचारून ठेवावे. जुना फास्टॅग विक्रेत्याकडून बंद करून घ्यावा.

विम्यात हमखास दोन चुका होतात. थर्ड पार्टी संरक्षण गाडीसोबत येते, पण स्वतःच्या नुकसानीचा दावा मंजूर व्हायचा तर पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. आणि नो क्लेम बोनस विक्रेत्याचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे तो फरक भरण्याची तयारी ठेवावी. याशिवाय साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि बॅटरी यांच्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. ज्या गाडीचा हेडलॅम्प आणि बंपर हेच सर्वांत महाग भाग आहेत, तिच्यासाठी शून्य घसाऱ्याची पॉलिसी मिळते का हे खरेदीपूर्वी विचारावे. वयस्क गाडीला अनेक कंपन्या ती देत नाहीत.

टप्पा ८: पहिल्या महिन्यातील कामे, याच क्रमाने

खरेदीच्या किमतीच्या निदान एक-तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला असावी, असा माझा आग्रह आहे. ती नसेल तर अधिक स्वस्त मॉडेल घ्यावे.

पहिले काम सर्व द्रव बदलण्याचे: इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचे तेल, कूलंट, ब्रेक फ्लुइड. ऑइल नुसत्या घट्टपणावरून घेऊ नये. डब्यावर गाडीच्या कंपनीचे मानक छापलेले असावे, उदाहरणार्थ फोक्सवॅगन समूहाच्या पेट्रोल इंजिनांसाठी ५०२.००. कूलंटच्या टाकीत मिळेल तो हिरवा कूलंट ओतणे ही पुण्यातल्या गॅरेजांची जुनी खोड आहे. मिश्रणाचा गाळ हीटरच्या जाळीत बसतो, म्हणून जुना पूर्ण काढून, यंत्रणा धुऊन, एकाच प्रकारचा भरावा.

दुसरे काम टायमिंग बेल्ट. बदलल्याचा पक्का कागद नसेल तर तो बदललेला नाही असेच मानावे, आणि बेल्टसोबत टेन्शनर, रोलर व वॉटर पंप एकदमच बदलावेत, कारण मजुरी एकच असते.

तिसरे सस्पेन्शन. येथे एक चूक इतकी सर्वत्र होते की मेकॅनिकसमोर उभे राहूनच ती टाळावी: लोअर आर्मचे रबरी बुश बसवल्यावर त्यांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असतानाच घट्ट केले जातात. मग गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट हलके लावून, गाडीचा भार चाकांवर आल्यावरच ते अखेरचे आवळायचे असतात. त्यानंतर अलाइनमेंट.

रंगकाम, सीट कव्हर आणि मोठा अँड्रॉइड स्क्रीन हे सगळे यानंतर. स्क्रीन बसवताना मूळ वायरिंग कापू देऊ नये. या गाड्यांचे मॉड्यूल एकाच जाळ्यातून बोलतात आणि एका चुकीच्या जोडामुळे बॅटरी रातोरात उतरते.

तपासणी: महिन्याअखेर गाडी पुन्हा पूर्ण स्कॅन करून तो अहवाल छापून ठेवावा. पुढच्या प्रत्येक बिघाडात तुलना याच्याशी करायची आहे.

टप्पा ९: रोजचा वापर आणि पावसाळा

पार्किंगचे माप खरेदीपूर्वीच घ्यावे. या गाड्या सुमारे ४.८ मीटर किंवा त्याहून लांब आहेत. यांत्रिक पार्किंगच्या फळीवरची लांबी आणि वजनाची मर्यादा त्यावरच्या पाटीवर लिहिलेली असते. पेठांमधल्या गल्ल्यांबद्दल वेगळे सांगायला नको.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांचे रबरी होज त्यासाठी घडवलेले नसतात. दर सर्व्हिसला इंधनाच्या होजवर भेगा किंवा ओल आहे का ते पाहावे, आणि गाडी आठवडेच्या आठवडे न वापरता उभी ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतले पाणी शोषते. टर्बो पेट्रोल इंजिनासाठी इंधन टाकीच्या झाकणामागे लिहिलेला ऑक्टेन पाळावा. १.८ टीएसआय इंजिन तेल पिते अशी ख्याती आहे, म्हणून पंधरवड्याला डिपस्टिक पाहावी. दिवा लागण्याची वाट पाहू नये.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात व्हावी. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या आणि वायपरखालची पन्हळ बारीक पानांनी तुंबतात, पाणी छतावरून किंवा डॅशबोर्डमागून आत उतरते आणि गालिचाखाली साठते. युरोपीय सेडानांत अनेकदा तिथेच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतात. नळीत तार खुपसू नये, आतली जोडणी सुटते. सनरूफ उघडून कोपऱ्यात थोडे पाणी ओतावे आणि ते चाकामागून गळते का ते पाहावे. साठलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. एकदाच स्टार्टर मारल्याने सिलिंडरमधल्या पाण्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तो दावा विमा कंपनी नाकारू शकते.

उंदरांसाठी खात्रीचा उपाय नाही. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून पाहणे आणि गाडी कचऱ्याच्या डब्यांपासून दूर लावणे, इतकेच हातात आहे.

भाग साठवून ठेवण्यालाही मर्यादा हवी. फिल्टरचे दोन संच, ब्रेक पॅड, सहायक पट्टे आणि बंपरच्या क्लिपा घरात असाव्यात. सुस्थितीतला जुना हेडलॅम्प कुर्ल्याच्या भंगार बाजारात वाजवी भावात दिसला तर तोही घेऊन ठेवावा. रबरी भाग मात्र साठवू नयेत. ते पडून पडूनच कडक होतात.

टप्पा १०: सोडण्याची वेळ

गाडी कधी सोडायची हे घेतानाच लिहून ठेवावे, कारण एकदा जीव गुंतला की हिशेब बिघडतो. माझी कसोटी अशी: एकाच दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यापुढे गेला आणि तो भाग नवा मिळत नसेल, तर दुरुस्ती करू नये. भाग नवा मिळत असेल आणि बाकीची गाडी सुस्थितीत असेल तर निर्णय वेगळा होऊ शकतो, पण मग पुढची तीन वर्षे ती ठेवण्याची तयारी हवी. दुरुस्ती करून लगेच विकणाऱ्याला त्या खर्चाचा चौथा हिस्साही परत मिळत नाही. विक्रीला वेळ लागतो, घेणारा क्वचितच भेटतो, आणि तो भेटलाच तर सर्वांत आधी फाईल मागतो, म्हणून बिले, तेलाच्या डब्यांचे फोटो आणि स्कॅनचे अहवाल पहिल्या दिवसापासून एकत्र ठेवावेत. ताबा देताना पावतीवर तारीख आणि वेळ लिहावी, फास्टॅग बंद करावा, आणि नवे नाव पोर्टलवर दिसेपर्यंत सह्या केलेल्या फॉर्मच्या प्रती सांभाळून ठेवाव्यात, कारण तोवर त्या गाडीचे प्रत्येक चलन जुन्या मालकाच्याच नावावर येते.